धडधाकट गाईंचं औषध

सटवाच्या हाताची जखम चिघळतच चालली, तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी पू तपासून अंजनाला सांगितलं, “बाई, नवऱ्याला कुठलंच इंजेक्शन लागू पडणार नाही. औषध पचवून टाकणारं जनुक हे जंतू एकमेकांना वाटत सुटलेत.” “ह्यांनी तर जन्मात सुई घेतली न्हाई!” “मग गुरांना?” अंजनाला दुष्काळातली चारा छावणी आठवली. साथ येऊन दूध घटू नये म्हणून डेअरीच्या चेअरमननं धडधाकट गाईंनाही सरसकट जंतू मारायची इंजेक्शनं द्यायला लावली होती, आणि धारा काढणारा सटवाच ती टोचायचा. त्या औषधाच्या एका रिकाम्या बाटलीची तिनं घरी रॉकेलची चिमणी केली होती. तीच घेऊन ती तडक डेअरीत जाब विचारायला गेली. “औषध फुकट वाटलं व्हतं. उपकार इसरलीस व्हय?” चेअरमन गुरगुरले. अंजनानं बाटली टेबलावर आपटली. “गाय ठणठणीत व्हती, तरी टोचलंत. आता माझा माणूस सडायलाय, टोचा की!”