नावानिशी

आमच्या हौशी रेडिओ क्लबची हजेरी दर रविवारी सकाळी रेडिओवरूनच बाई घ्यायच्या. आमच्यातल्या निम्म्यांना मोर्स कोड त्यांनीच शिकवलेला. त्यांनी माइक उचलला, की मध्येच कुणीतरी बायकी आवाज काढून म्हणायचं, "अगं बाई, गॅसवर दूध उतू गेलं." आम्ही बावीस पुरुष आपापल्या घरी फिदीफिदी हसायचो. टेकडीवरचा रिपीटर प्रत्येकाचं बोलणं गावभर पोचवायचा, पण ते कुणाचं हे काही सांगायचा नाही.

बाईंनी तक्रार केली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आवाजाची कॉलर कशी धरणार, बाई? दुर्लक्ष करा."

मग रिपीटर डिजिटल झाला. अध्यक्षांनी त्यावर दीड तास व्याख्यान झोडलं आणि सगळ्यांच्या सेटमध्ये सगळ्यांचे नंबर, नावं भरायचं काम बाईंच्या गळ्यात मारलं. "कारकुनी आहे, तुम्हाला जमेल." बाईंनी आठवडाभर बसून ते केलं. अध्यक्षांचा सेटही त्यांनीच भरून दिला.

पहिल्याच रविवारी, हजेरीच्या तिसऱ्या नावाला, तोच बायकी आवाज आला. "अगं बाई, गॅसवर दूध उतू गेलं."

बोलणाऱ्याचं नाव प्रत्येकाच्या सेटवर ठळक उमटलं. फक्त बोलणाऱ्याच्या सेटवर उमटलं नाही, कारण स्वतःचं नाव तिथे दिसत नसतं.

बाईंचा आवाज जराही चढला नाही.

"अध्यक्ष हजर. नोंद घेतली. पुढचे कोण?"