एकनाथरावांची वळकटी

"अम्मा, गाँव से बिस्तर लाया क्या कोई?" ढेकणांचं औषध मारणाऱ्यानं गादीची शिवण बोटानं उलटी करत विचारलं. "वहीच से आते ये."

शोभाची नजर कोपऱ्यातल्या वळकटीकडे गेली.

बाहेरच्या खोलीत तिचे सासरे एकनाथराव पेपर वाचत होते. त्यांना प्रश्न ऐकू आला. त्यानंतरची शांतताही ऐकू आली.

महिन्यापूर्वी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उदगीरकडून विद्यानगरला मुलाकडे आले होते. परक्या गादीवर झोप येत नाही म्हणून स्वतःचं अंथरूण बांधून आणलं होतं. ते आल्यानंतर आठवड्यातच शोभाच्या दंडावर ओळीनं लाल गांध्या उठल्या. वरच्या मजल्यावरच्या बाई वळकटीकडे बघून "गावाकडं असतंच हे" म्हणाल्या, तेव्हाही शोभा गप्पच राहिली होती.

फवारा मारून माणूस गेला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा गांध्या.

"नुसत्या फवाऱ्यानं अंडी मरत नाहीत," एकनाथराव म्हणाले. "वसतिगृहात तीस वर्षं हेच केलं मी. आधी त्यांचं घर सापडलं पाहिजे. मी बघतो."

"राहू द्या बाबा," शोभा घाईनं म्हणाली. "डोळ्यांना ताण नको. मी त्यालाच परत बोलावते."

एकनाथरावांना ते लागलं. अंथरूण उघडायच्या लाजेतून सून आपल्याला वाचवतेय, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी शोभा बाजारासाठी नारायणगुड्याला गेली. तिचा नवरा हेमंत सकाळीच ऑफिसला गेला होता. त्याचा सरकारी कारखाना दोन वर्षांपूर्वी, पंचाण्णव साली, बंद पडला. पण पोरानं हाय खाल्ली नाही. आता तो एका खासगी कंपनीत होता. कंपनी त्याला आठवड्यातून तीन दिवस बंगलोरला पाठवायची. एकनाथरावांनी हे सगळ्या गावाला सांगितलं होतं.

त्यांनी आधी स्वतःची वळकटी गच्चीवर नेऊन मेच्या उन्हात पसरली. शिवण न् शिवण तपासली. एक डाग नव्हता.

मग मुलाच्या खोलीत आले. गादीच्या कडेला शाईचे थेंब पडावेत तसे काळे ठिपके होते. कॉटच्या सांध्यात खसखशीसारखी अंडी आणि टाकलेल्या काती होत्या, लहान, मोठ्या, सगळ्या मापांच्या. एवढ्या काती एका महिन्यात साचत नाहीत. ढेकूण त्यांच्या आधीपासून या घरात होते.

त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. शोभा आली की हात धरून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं.

ठिपके कॉटच्या पायाशी दाट होत गेले होते. तिथं हेमंतची दौऱ्याची बॅग होती. एकनाथरावांनी तिची शिवण ताणली आणि आत हालचाल दिसली. बॅगेत दोन शर्ट होते, आणि एक विटका टॉवेल. टॉवेलवर याच शहरातल्या नामपल्लीच्या एका लॉजचा शिक्का होता.

बंगलोरला जाणारा माणूस नामपल्लीच्या लॉजवर कशाला राहील? मनात नको ते आलं. त्यांनी टॉवेल होता तसा घडी करून ठेवला, चपला घातल्या आणि बस पकडली.

लॉज स्टेशनजवळच्या गल्लीत होता. एकनाथराव समोरच्या फळगाडीशी थांबले. आत काउंटरमागे हेमंत उभा होता. एका गिऱ्हाइकानं चुटकी वाजवून त्याला काहीतरी सांगितलं. हेमंतनं मान डोलावली, किल्ली घेतली, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाची सुटकेस उचलली आणि जिना चढू लागला. अर्ध्यावर थांबून त्यानं हात बदलला.

एकनाथरावांचा ऑपरेशन झालेला डोळा पाणावला. यापेक्षा नको ते खरं निघालं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं. या पोराला रागवायचं कशाबद्दल? आणि शोभाला कळलं तर ती त्याच्याकडे उद्या कुठल्या नजरेनं बघेल?

संध्याकाळी शोभा घरी आली तेव्हा वळकटी बांधून दाराशी ठेवलेली होती.

"ढेकूण माझ्याच अंथरुणातून आले," एकनाथराव म्हणाले. "आज नीट पाहिलं. तो औषधवाला बरोबर बोलला. मी उद्याच्या गाडीनं निघतो."

शोभा उभीच राहिली.

"गाद्या, कॉट, बॅगा, सगळं उन्हात टाक," ते पुढं म्हणाले. "सांध्यांत उकळतं पाणी ओत. बारा दिवसांनी पुन्हा कर, तेव्हा अंडी फुटतात. हेमंतला काही विचारत बसू नकोस. आधीच दौऱ्यांनी दमतो तो."

शोभानं पिशवी खाली ठेवली आणि ती वळकटीवरच बसली. तिचा चेहरा पडला होता.

"खोटं बोलताय, बाबा. गेल्या आठवड्यात तुम्ही ड्रॉप टाकून पडला होतात, तेव्हा मी ही उकलून बघितली. स्वच्छ आहे."

"मग आले कुठून?" त्यांनी विचारलं. आवाज सांभाळावा लागला.

"लॉजमधून."

एकनाथराव दचकले. "कसला लॉज? कंपनी त्याला बंगलोरला चांगल्या हॉटेलात उतरवते. तूच सांगितलंस की. उगाच नवऱ्यावर संशय घेऊ नकोस, पोरी."

शोभानं त्यांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग पदर डोळ्यांना लावला.

"लॉजवरची नोकरी यांना मीच शोधून दिली, बाबा," ती म्हणाली. "तीन दिवस रात्रपाळीला तिथंच झोपतात. बंगलोर फक्त तुमच्यासाठी होतं."