घराण्याची चौकशी

चहा दुसऱ्यांदाही बिनसाखरेचाच आला, आणि सोमेश्वररावांनी तो दुसऱ्यांदाही निमूट प्यायला. शहरातल्या माणसांना साखर चालत नाही, असं मुलाच्या आजीने, सोनूबाईंनी, परस्पर ठरवून टाकलं होतं.

सकाळी जालन्याहून निघताना तृप्तीने एवढंच बजावलं होतं, "बाबा, कल्याणच्या घरी शांत राहा. मला लग्न त्याच्याशीच करायचंय." मुलीसाठी माणसाने काय काय गिळायचं? केदारखेड्याचा रस्ता गिळला, डुगडुगणारी खुर्ची गिळली, आता हा चहा.

सोमेश्वररावांची नोकरी बियाण्यांचे प्लॉट तपासण्यात गेली होती. ओळीत वेगळं रोप दिसलं की उपटून टाकायचं. बियाण्यात असेल तेच वर येतं, हे त्यांचं मत, आणि ते माणसांनाही लावायचे. सोयरिकीआधी घराण्याची चौकशी करतात ती त्यासाठीच. कल्याणचे वडील कडूबा एके काळी भलते तापट होते, हे त्यांना अशा चौकशीतच कळलं होतं.

आणि आता मुलगा समोर बसला होता तो भुवईवर पट्टी लावून.

"हे काय लागलं?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई काका. टाके पडलेत," कल्याण म्हणाला.

"कशानं?"

"लागलं असंच."

असंच! असेच टाके पडतात का कुणाला? सोमेश्वररावांनी बायकोकडे पाहिलं. सुरेखाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. तृप्तीला फोन करून विचारावं, तर तिचा मोबाईल आठवडाभर दुरुस्तीला. हातातून पडला म्हणे. महागातला मोबाईल घेऊन द्यावा, वर मोरपिसाचं कव्हरही आणावं, आणि पोरीला तो नीट धरताही येऊ नये. सगळीकडून नुसता वैताग.

"कडूबा, स्पष्टच विचारतो," ते म्हणाले. "तुम्ही लई तापट होतात म्हणे."

"होतो की," कडूबांनी लगेच कबूल केलं. "बांधावरून भावाला कुदळ फेकून मारल्ती. नेम चुकला म्हणून वाचला."

"याचा बापबी तसलाच व्हता," सोनूबाई चुलीजवळून ओरडल्या. "भरलं ताट भिरकावायचा!"

"मंग? आता कुठं गेला राग?"

"मंग हा कल्याण झाला," कडूबा म्हणाले. "पाळण्यात व्हता. मी आवाज चढवला की अंग चोरून थरथरायचा. ते एकदा बघितलं अन् घरात ओरडणं बंद केलं. राग आला की कपाशीत जातो, तिकडं मनसोक्त ओरडून येतो. कपाशी काय, मनाला लावून घेत न्हाई."

"पण रक्तातला राग जातो का?"

"त्यो रक्तातून येतो का बघून बघून येतो, मला न्हाई कळत. बघण्यातला तेवढा बंद केला."

ऐकायला बरं होतं. सोमेश्वररावांना काही ते पटलं नाही.

"आमची तृप्ती बघा," ते म्हणाले. "मी जरा कडक आहे, नाकारत नाही. घरात एखादं भांडं आपटलंही असेल. पण पोरगी बिलकुल माझ्यावर गेली नाही. आईवर गेलीय. गरीब गाय आहे."

सुरेखाबाईंना जोराचा ठसका लागला. कल्याणने उठून त्यांना पाणी दिलं.

ठसका थांबला तशी सोमेश्वररावांनी पुन्हा गाडी मूळ रस्त्यावर आणली. "खरं सांग, मारामारी केलीस ना?"

"न्हाई काका."

"मंग कुणी मारलं त्याचं नाव सांग."

"नाव न्हाई सांगणार."

"कडूबा, तुम्ही विचारा त्याला!"

"मी विचारल्तं. न्हाई सांगत म्हणला," कडूबा म्हणाले. "मोठं पोरगं हाय. दिलं सोडून."

"सोडून दिलं? पोराचं डोकं फुटतंय आणि बाप सोडून देतो?"

हात कधी उठला ते सोमेश्वररावांनाही कळलं नाही. पाण्याचा ग्लास भिंतीवर आदळला आणि घरंगळत चुलीपर्यंत गेला. "असल्या भांडकुदळ रक्तात मी माझी पोरगी देणार नाही! ऊठ सुरेखा!"

कडूबांच्या मानेची शीर तट्ट फुगली. त्यांनी ग्लास उचलून जागेवर ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि शेताकडे चालू लागले.

गाडीत बसेपर्यंत सोमेश्वररावांचा राग उतरला होता. आता नेहमीसारखी लाज वाटत होती. पोरीने फक्त शांत राहायला सांगितलं होतं, तेवढंही जमलं नाही. तिला तोंड काय दाखवायचं? पण रक्ताच्या बाबतीत आपलं काही चुकलेलं नाही, असं त्यांनी स्वतःला पुन्हा एकदा बजावलं. लांब कपाशीतून कडूबांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

गाडी सुरू झाली तसा कल्याण लगबगीने सुरेखाबाईंच्या खिडकीशी आला. त्याने खिशातून एक मोबाईल काढला. मागे मोरपिसाचं कव्हर होतं.

"काकू, काच नवी बसवून आणली, एवढा तृप्तीला द्या," तो आवाज खाली आणून म्हणाला. "टाके उद्या काढणार हायेत, रडत बसू नको म्हणावं. फक्त पुढच्या बारीला उशी फेक."