साल्वुची मुलगी

"हे गाणं म्हणायचं की दात उपटताना मारलेली बोंब?" साल्वु टीव्हीकडे हात करून म्हणाला, आणि संत लॉरेन्सच्या बँडक्लबात जमलेली सगळी टाळकी खिदळली.

पडद्यावर युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत त्याचीच मुलगी ग्राझिएला माल्टातर्फे गात होती आणि सगळा युरोप बघत होता. गाणं इंग्रजी, स्वीडनहून विकत आणलेलं. अंगावर चांदीच्या चिंध्या, मागे चार उघडेबंब पुरुष उड्या मारतायत. निवड समितीतल्या दीडशहाण्यांना हेच हवं होतं. आपल्या भाषेत गायलं की म्हणे गुण मिळत नाहीत.

पण साल्वुचं खरं दुखणं गाणं नव्हतं. गावात दोन संतांचे दोन बँडक्लब, उत्सवातलं वाजवणं आणि दारूकाम दोघांचं वेगळं, आणि पिढ्यानपिढ्यांचं वैर. आठ वर्षांपूर्वी ग्राझिएलानं चौकापलीकडच्या संत कॅथरीनच्या क्लबातला नवरा केला होता. साल्वु इथला अध्यक्ष; त्याची मुलगी, आणि उत्सवात त्यांच्या झेंड्याखाली चालली! तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नव्हता. देशातल्या निवडफेरीत तिला मत देणाऱ्याला क्लबातून हाकलीन, असा साल्वुनं दम भरला होता. तरी ती निवडून आली, आणि तेव्हापासून तो आपल्यातला फितूर शोधत होता.

गाणं संपलं. सगळ्या देशांची गाणी झाली आणि गुण सुरू झाले. परीक्षकांनी चार-दोन टाकले, मग लोकांच्या मतांची पाळी आली.

"ऑस्ट्रेलियालाही मत आहे, तिथून येतील," कोणीतरी म्हणालं. "आपले निम्मे नातेवाईक मेलबर्नलाच आहेत."

"हो, आणि तेही आधी विचारणार, पोरगी कुठल्या क्लबाची!"

निवेदिकेनं गोड आवाजात सांगितलं, "माल्टा, शून्य." सगळ्यात शेवटचा नंबर.

ग्राझिएला कॅमेऱ्याकडे बघून हसत हात हलवत राहिली. लहानपणी गुडघा फुटला की ती अशीच हसायची. साल्वुला ते बघवेना.

क्लबाचं दारूकाम बघणारा जेप्पी हात चोळत पुढे आला. "गच्चीवर उखळी बार ठासून तयार आहेत, साल्वु. उडवू? त्यांच्या सुनेचा भोपळा अख्ख्या गावाला कळू दे."

साल्वु टीव्ही बंद करायला वळला. तेवढ्यात धडाधड बार उडाले. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"तुला कोणी सांगितलं रे उडवायला?" त्यानं जेप्पीची गचांडी धरली.

"अरे, मी इथंच उभाय ना तुझ्यासमोर! आपले नाहीत ते. समोरून उडाले."

साल्वु दारात गेला. चौकापलीकडे संत कॅथरीनवाले सज्जात ग्लास उंचावून नाचत होते. ग्राझिएलाचा चुलतसासरा ढोल बडवत ओरडत होता, "साल्वुची पोरगी, शून्य! साल्वुची पोरगी, शून्य!"

आतलं हसणं विरलं. साल्वुला आपल्या सगळ्यांचीच किळस आली, समोरच्यांची आणि इथल्यांचीही. पण त्याच्याही अंगातलं रक्त क्लबाचंच होतं.

"आठ वर्षं यांच्या घरात राहिली, आणि हरली की माझी होय?" तो न वळताच म्हणाला. "बरं. परवा विमानतळावर आपला बँड न्यायचा. आणि येताना यांच्या दारावरून वाजवत आणायची माझ्या पोरीला."