मिस्त्रीची यादी

"बेअरिंगचं आता कुठून निघालं?" काकांनी विचारलं.

मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं. "चाक काढल्यावर दिसलं, काका. पुढचं डावं. लांबच्या रस्त्याला जोखीम नको."

"म्हणजे आणखी दोन दिवस."

"तीन धरा."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. बेअरिंग जायला लागलं की चाक आधी गुणगुणतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. व्हॅन म्हातारी होती, चढावर धापा टाकायची, पण डावं चाक गप्प होतं.

पहिल्या दिवशी यादी तीन कामांची होती. ब्रेक पॅड, पुढचे टायर आणि रेडिएटरचा पाइप. ब्रेक काकांना पटले, ते किंचाळत होतेच. टायरच्या खाचांत नख घालून पाहिलं, तेही पटले. पाइप मात्र दाबून पाहिला तर चांगला घट्ट होता. मग क्लच निघाला. आता बेअरिंग. यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबत चालली होती.

दिवस तर मोजकेच होते. डॉक्टरांनी काकूंबद्दल आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "न्यायचं तर पंधरा दिवसांत न्या. नंतर त्यांना प्रवास झेपणार नाही." काकूंना बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं होतं. बहीण सहाशे किलोमीटरवर, तीही अंथरुणाला खिळलेली. काकांनी मागची सीट काढून व्हॅनमध्ये गादी बसवली. त्या पंधरांतले नऊ दिवस या गॅरेजने गिळले होते.

भाड्याची गाडी करू म्हटलं, तर काकूंनी मान हलवली. "परक्याच्या गाडीत आडवं पडून जायचं? आपल्याच गाडीने जाऊ."

"मग दुसऱ्या मिस्त्रीला दाखवतो."

"नको. वीस वर्षं याचाच हात लागलाय. तो उगीच काही सांगणार नाही."

रोज संध्याकाळी काका घरात शिरले की त्या उशीवरून मान वळवायच्या. "झाली का हो गाडी?"

काका चपला काढता काढताच नाही म्हणायचे. काकू मात्र कधी चिडल्या नाहीत. "बसा जरा. दमलात," म्हणायच्या आणि त्यांचा हात हातात घ्यायच्या. मग जुनं काहीतरी निघायचं. काकांनी एकदा अख्खी बस चुकीच्या शाळेत नेली होती, ते आठवून दोघं हसायची. हसता हसता काकूंना धाप लागायची आणि काका पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचे.

आज मिस्त्रीने जुना पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. काढलेला माल गिऱ्हाइकाला दाखवायचा, हा त्याचा शिरस्ता होता. पाइप चिरलेला होता. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. यादी ऐकली त्याच दिवशी मिस्त्रीची पाठ वळताच त्यांनी आपल्या पाइपला खालच्या अंगाने, व्हॅनच्या खणात पडलेल्या काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. या पाइपवर ठिपका नव्हता.

त्यांनी बॉनेट उचललं आणि वाकून पाहिलं. ठिपका जागच्या जागी होता.

"हा पाइप माझ्या गाडीचा नाही," काका म्हणाले. "माझा अजून गाडीतच आहे. क्लचही नाही बदललास ना?"

मिस्त्रीने पुढे होऊन बॉनेट हळूच खाली केलं.

"वीस वर्षं गाडी तुझ्याच हातात दिली. तिचे मोजके दिवस उरलेत रे. तेही तू खाल्लेस."

मिस्त्री जवळच्या टायरवर बसला. फडक्याने तो हातावरचं ग्रीस पुसू लागला.

"गाडी तिसऱ्याच दिवशी तयार झाली, काका. ब्रेक आणि टायर बदलले. बाकी तिला काही झालेलंच नाही."

"मग हा खेळ कशासाठी?"

"काकूंचा फोन आला होता."

"घाई कर म्हणाली असेल."

"नाही." मिस्त्रीने मान वर केली नाही. "म्हणाल्या, गाडी तयार होऊ देऊ नकोस. जाताना आम्ही दोघं असू. येताना ह्यांना एकट्याला चालवावी लागेल."