कनेक्ट झालंय, पण नेट नाही

"कनेक्ट झालंय असं दाखवतंय, पण नेट न्हाय," ऋतिका म्हणाली. "आई, जरा बघ की."

यशोदाबाईंनी निवडायला घेतलेली भाजी तशीच ठेवली आणि त्या लॅपटॉपसमोर आल्या. वायफायच्या खुणेवर एक छोटं पिवळं चिन्ह दिसत होतं. कणकुंबीच्या ग्रामपंचायतीत त्या कित्येक वर्षं कॉम्प्युटर चालवत होत्या. गावात कुणाचंही नेट अडलं की आधी त्यांनाच बोलावणं यायचं.

"मोबाइलला येतंय?"

"येतंय. लॅपटॉपलाच न्हाय. अकराला इंटरव्ह्यू हाय गं!"

"मग मोबाइलवरनंच बोल."

"त्यांना काम करून दाखवायचंय. लॅपटॉपच लागतोय."

कंपनी बेंगळूरची होती. पुण्यातली नोकरी गेल्यापासून ऋतिका गावीच होती. वडील वारल्यावर मायलेकी इतके दिवस सलग एकत्र राहत होत्या त्या पहिल्यांदाच. संध्याकाळी दोघी चहा घेऊन पायरीवर बसायच्या. यशोदाबाई हल्ली स्वयंपाक करताना गुणगुणायला लागल्या होत्या, हे शेजारणीच्याही लक्षात आलं होतं.

त्यांनी वायफाय बंद करून चालू केलं. जोडणी काढून टाकून पासवर्ड नव्यानं घातला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. राउटरची पिन काढली, थोडं थांबून परत लावली. दिवे एकेक करून हिरवे झाले. लॅपटॉपवरचं पिवळं चिन्ह मात्र हललं नाही.

"रिसेट मारू काय?" ऋतिकानं राउटरच्या मागच्या भोकासाठी टाचणी शोधली.

"नको गं. सगळं सेटिंग उडतंय. बेळगावचा नेटवाला माणूस आल्याशिवाय मग मोबाइललाबी मिळायचं न्हाय."

"मग युवराजदादाकडं जाऊ? त्याच्या घरीबी नेट हाय."

"जाईस्तोवर वेळ निघून जाईल. बस हितंच. आता होतंय बघ."

पण झालं नाही. अकरा वाजून गेले. ऋतिकानं लॅपटॉप मिटला आणि मोबाइल घेऊन ती बाहेर पायरीवर गेली. ती बराच वेळ हळू आवाजात इंग्रजीतून बोलत होती. यशोदाबाई भाजी घेऊन बसल्या, पण एकही काडी निवडली गेली नाही.

ऋतिका आत आली ती डोळे पुसतच.

"जाऊ दे गं," यशोदाबाई म्हणाल्या. "दुसरी मिळंल. लई कंपन्या हायत."

"नोकरी मिळाली, आई."

यशोदाबाईंनी भाजी बाजूला सारली.

"निवड तर गेल्या आठवड्यातच झालती. तुला बोलले न्हाय. मी त्यांना म्हटलं, मला घरातनंच काम करू द्या, आई एकटी असते. ते तयार झालते. फक्त एवढंच म्हणाले, कणकुंबी म्हणजे जंगलातलं गाव, तिथं नेट टिकतंय का ते एकदा बघू. आज इंटरव्ह्यू न्हवता, तेच बघणार होते."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"पक्कं झाल्यावर सांगणार होते. उगाच आशेला लागली असतीस."

"मग परत एकदा विचार की त्यांना," यशोदाबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "उद्या बघा म्हणावं. उद्या नेट असंल. नक्की असंल."

"कशावरनं?"

यशोदाबाईंनी तिचा दंड सोडला.

"विचारलं मी," ऋतिका म्हणाली. "म्हणाले, पहिल्याच दिवशी हे असं, तर रोज काय करणार? सोमवारी ऑफिसात हजर व्हा. पुढं कधी घरनं काम मिळंल असं धरून चालू नका."

ती खाली बसली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नको. तू तर सगळं करून बघितलंस."

मग ती उठली आणि कपाटावरची बॅग काढायला आतल्या खोलीत गेली.

 यशोदाबाईंनी मोबाइलवर राउटरचं सेटिंग उघडलं आणि पहाटे ऋतिका झोपेत असताना स्वतःच्या हातानं बंद केलेलं तिच्या लॅपटॉपचं नेट पुन्हा चालू केलं.