अर्जुनरावाचा कान

"आज कोन्ती ड्युटी हाय तुमची?" सिंधूताईनं चहा पुढे सरकवत विचारलं.

"दुपारची. काऊन?"

"उगंच. डबा करा लागन."

तिच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. निकाल आज बुलडाण्याच्या मोठ्या डॉक्टरकडे येणार, असं कळलं होतं. नांदुऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते, "आला की सांगतो." पण अर्जुनराव कोणाच्या सांगण्यावर बसून राहणारा गडी नव्हता.

तो टेलिफोन ऑपरेटर. राज्य नवं झालं होतं, एक्स्चेंज मात्र इंग्रजाच्या वेळचंच. मलकापूर, शेगाव, खामगाव, बुलडाणा, साऱ्या लाइनी त्याच्या एका बोर्डावर यायच्या. खुर्चीवरून न उठता अर्ध्या जिल्ह्याची नाडी त्याच्या हातात. चावी दाबली की कोणाचंही बोलणं कानात. लाइन नीट चालते का हे पाहायला ती चावी दिलेली. अर्जुनराव लाइनीपेक्षा माणसंच जास्त तपासायचा.

भगवंतराव गावभर सांगत फिरायचे, "आमचा जावई म्हणजे हिरा!" अन् फोनवर मलकापूरच्या भावापाशी त्याच हिऱ्याला शिव्या. दुसऱ्या दिवशी अर्जुनराव त्यांना पानठेल्यावर गाठायचा. "काय म्हणते तुमचा हिरा?" भगवंतराव पान न खाताच लाल.

सारा नांदुरा जाणून होता, याचा कान तारेत असतो.

"लोकायचं आयकू नाही," सिंधूताई म्हणायची.

"अवं, तोंडावर मानूस इस्त्री करून बोलते. खरं काय ते तारेतच बोलते."

दुपार कलली अन् बोर्डावर बुलडाण्याच्या लाइनीची झडप खट्कन पडली, तिकडून फोन आला होता. मोठ्या डॉक्टरांना नांदुऱ्याचे डॉक्टर हवे होते. अर्जुनरावानं प्लग लावला तो दुसऱ्या खेपेला भोकात बसला. मग श्वास रोखून त्यानं चावी दाबली.

"तपासणी आली. गाठ साधी आहे."

"म्हणजे धोका नाही?"

"अजिबात नाही. औषधानं विरघळेल. बाई नातवंडं खेळवतील."

काय खणखणीत आवाज! एक शब्द हुकला नाही.

बोर्डावर शेगाव पडलं, खामगाव पडलं. अर्जुनराव तोंडावर रुमाल धरून बसला होता. मग डोळे पुसून त्यानं धडाधड प्लग खुपसले. "बोला बाप्पा, बोला! पोटभर बोला!" त्या दिवशी त्यानं कोणाचंच ऐकलं नाही.

संध्याकाळी तो जिलबी घेऊनच घरी आला. "सिंधू, साधी हाय गाठ! ह्या कानानं आयकलं म्या!"

ती हसली. जिलबीचा एवढासा तुकडा तिनं पाण्यासोबत कसातरी उतरवला.

"दुखते?"

"आता नाही दुखत."

बाकी जिलबी त्यानंच संपवली. कित्येक दिवसांनी तो रात्री घोरला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर सिंधूताई दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी कंपाउंडरला बाहेर पाठवून दार लोटलं.

"तुम्ही सांगितलं तसंच बोललो आम्ही दोघं फोनवर," ते खाली पाहत म्हणाले. "खरा निकाल काल सकाळीच एसटीनं माणूस घेऊन आला होता. दिवाळीपर्यंत, सिंधूताई. फार तर."

सिंधूताईनं पदर सावरला.

"मंग हाय वेळ," ती म्हणाली. "तवापर्यंत त्यायले भाकर थापाले शिकवते."